एक रुपयापासून लिलाव लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या पोकेमॉन आणि क्रिकेट कार्डांवरचा लेख वाचला. कार्डांचा इतिहास चांगला सांगितलाय, फोटोही झकास आहेत. पण शेवटच्या चौकटीत वाचकांना सल्ला दिलाय की कार्ड ऑनलाइन लिलावात लावा, बोली एक रुपयापासून सुरू करा, योग्य भाव आपोआप मिळेल. मला खटकलं ते हे ‘आपोआप’. लिलावात आपोआप काही होत नाही, हे सांगलीत राहणाऱ्याला तरी सांगावं लागू नये.

मार्केट यार्डात आमच्या आप्पांची हळदीची अडत होती. विलिंग्डनला अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं आणि लग्न होईपर्यंत पेढीच्या वह्या मीच लिहिल्या. पुढे जुन्या कागदांचा नाद लागला. चित्रांची पोस्टकार्डं, काडेपेटीवरची चित्रं, सिगारेटच्या पाकिटातून निघायची ती क्रिकेटपटूंची कार्डं. आता घरबसल्या त्यांची थोडीफार खरेदी-विक्री करते. भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो, त्याच्यामुळे या वयात पोकेमॉनही शिकले. घरात सगळे हसतात, हसू देत.

तुमचा लेख आल्यापासून ओळखीपाळखीच्या लोकांनी व्हॉट्सॲपवर फोटोंचा पाऊस पाडलाय. त्यातली निम्मी कार्डं सोनेरी प्लॅस्टिकची, डबीत ५५ येणारी. ही शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि ती अस्सल नव्हेतच. त्यांना लिलाव नको नि ठरीव भावही नको, पोरांना खुशाल खेळू द्या. उरलेल्यांत बरीचशी आयपीएलची क्रिकेट अटॅक्स. ती खरी आहेत, पण छापलीच इतकी की एकेक सुटं विकायला गेलात तर लिफाफा आणि टपालाचा खर्च कार्डाच्या वर जातो. एका हंगामाची, एका संघाची गड्डी बांधावी, किंमत लिहून टाकावी आणि विसरून जावं.

मग राहतात ती हातावर मोजण्याइतकी कार्डं, ज्यांच्यासाठी डोकं चालवायला हवं. तिथे पहिला प्रश्न भावाचा. लेखात कुठल्याशा संकेतस्थळावरचे लाखांतले आकडे दिलेत, पण ते मागणीचे आहेत, विक्रीचे नव्हेत. मागायला काय, मी माझ्या किसणीलाही लाख रुपये मागीन. ईबे या खरेदी-विक्रीच्या परदेशी संकेतस्थळावर शोधताना फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायची सोय आहे. ती वापरून त्याच कार्डाच्या, त्याच अवस्थेतल्या गेल्या काही विक्री बघाव्यात. जुन्या नोटा आणि नाणी लाखांना जातात म्हणून लोकांकडून आगाऊ ‘कमिशन’ आणि कर उकळणारे इतके माजले होते, की २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं की आमचा या व्यवहारांशी संबंध नाही. कार्डांच्या बाबतीत कुणी तसं सांगणारही नाही. म्हणून वर्तमानपत्राने तरी आकडे छापताना ते कशाचे आहेत हे लिहावं.

आता लिलाव. हळदीचा सौदा निघतो तेव्हा काय होतं? माल ओतलेला असतो. खरेदीदार येतात, मूठभर उचलतात, हळकुंड मोडून आतला रंग बघतात, दाताखाली धरून वाळली किती ते पाहतात. सगळे एकाच वेळी तिथे असतात, सगळ्यांना कालचा भाव ठाऊक असतो, आणि प्रत्येकाला माल हवाच असतो कारण त्याच्या गिरणीत नाहीतर वखारीत तो जायचा असतो. मग बोली चढते. आप्पा ढिगाकडे कमी आणि ढिगाभोवतीच्या माणसांकडे जास्त बघायचे. मोठे खरेदीदार आलेले नसले, की शेतकऱ्याला बाजूला घेऊन म्हणायचे, ‘आज सौदा नको काढू, माल वखारीत राहू दे.’ हळद तीच, पोती तेवढीच, तरी आज नको. एक रुपयापासून बोली सुरू करा म्हणणाऱ्यांना हे ‘आज नको’ ठाऊकच नसतं.

ईबेवरचा लिलाव याहून थोडा वेगळा चालतो. बोली लावणारा आपली जास्तीत जास्त रक्कम आधी भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. समजा, एका कार्डासाठी एकाची ८० डॉलर द्यायची तयारी आहे, दुसऱ्याची ४५. कार्ड जाईल ४६ ला, कारण त्या टप्प्यात बोली एकेका डॉलरने चढते. पहिल्याची उरलेली ३४ डॉलरची तयारी त्याच्याच खिशात राहते, तुम्हाला तिचा पत्ताही लागत नाही. आता तो ४५ वाला त्या आठवड्यात मेहुण्याच्या लग्नात अडकला असं धरा. ९९ सेंटला सुरू केलेलं कार्ड ९९ सेंटलाच जाईल आणि ते हसतमुखाने पाठवावं लागेल. थोडक्यात, लिलावात विकणाऱ्याच्या पदरात पडतो तो दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकाचा भाव. पहिला कितीही वेडा असो, दुसरा हजर नसेल तर उपयोग शून्य. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने अशा लिलावाचं गणित १९६१ सालीच मांडलं होतं. १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं. पण पेढीवर बसलेल्या कुणालाही ते कागदाशिवाय समजतं.

म्हणून कार्ड हातात आलं की मी स्वतःला एकच विचारते. हे हवं असणारी किमान तीन-चार माणसं या आठवड्यात, या ठिकाणी असतील का? कार्ड किती दुर्मीळ आहे हा प्रश्न नंतरचा. दुर्मीळ म्हटलं की लिलाव, हा ठोकताळा निम्म्या वेळी फसतो. कारण फार दुर्मीळ वस्तूची गिऱ्हाईकंही दुर्मीळच असतात.

असतील, तर लिलाव जरूर लावावा. पोकेमॉनचा चॅरिझार्ड घ्या. इंग्रजीतला पहिला संच १९९९ चा, १०२ कार्डांचा, त्यातलं हे चौथं. हे हवं असणारे हजारो लोक जगभर रोज शोधत बसलेले असतात आणि त्याचा भाव दर महिन्याला हलतो. पहिल्या छपाईचा शिक्का असलेलं, दहापैकी दहा दर्जा मिळालेलं एक कार्ड मार्च २०२२ मध्ये ४,२०,००० डॉलरला गेलं, तुमच्या लेखात आहे तेच. त्यानंतर त्याच दर्जाची कार्डं त्याहून पुष्कळ खालीही गेली आहेत, हे लेखात नाही. करोनाच्या काळात तर या बाजाराला भरतं आलं होतं. कार्डांना दर्जा देणाऱ्या पीएसए या कंपनीकडे इतकी कार्डं साचली की मार्च २०२१ मध्ये तिने नवी कार्डं घेणं बहुतांशी थांबवलं. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने मे महिन्यात दुकानांतली कार्डविक्री काही काळ बंद केली, कारण लोक रांगेत हातघाईवर येत होते. अशा हलत्या बाजारात आज लिहिलेली ठरीव किंमत पुढच्या महिन्यात एकतर स्वस्तात लुटली जाते, नाहीतर नुसती टांगून राहते. तिथे लिलाव हाच खरा भाव काढतो.

भाच्याने त्याच्या लहानपणचा चॅरिझार्ड विकला तेव्हा मी पडद्याला डोळे लावून बसले होते. पहिल्या छपाईचा नव्हे, साधा, मधल्या दर्जाचा. लिलाव त्याच्याकडे रविवारी रात्री नऊला संपायचा होता, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारची सकाळ, साडेसहा. रविवारची रात्र त्याने मुद्दाम निवडली होती. तेव्हा पूर्व किनाऱ्यावरचे लोक जेवून निवांत असतात, कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, कामावर कुणीच नसतं. आठवडाभर कार्ड २१० डॉलरवर रेंगाळत होतं. शेवटच्या दहा सेकंदांत तीन बोल्या पडल्या आणि ते ३४० ला गेलं. मी चहा उतू घालवला. शेवटच्या क्षणी बोली टाकायची ही रीत मुरलेल्या लोकांची असते, कारण ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो, पुढे ढकलला जात नाही. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघा अभ्यासकांनी पूर्वी हे ॲमेझॉनवरच्या लिलावांशी ताडून पाहिलं होतं. तिथे उशिरा बोली आली की वेळ वाढायची, आणि तिथे ही शेवटच्या क्षणाची झुंबड पुष्कळ कमी दिसायची. सांगायचं काय, तर शनिवारी २१० चा आकडा बघून विकणाऱ्याने धीर सोडू नये. आणि आपल्या सोयीने दुपारी बाराला संपणारा लिलाव लावू नये, तेव्हा अमेरिकेत रात्र असते.

गिऱ्हाईकं नसतील तेव्हा काय करायचं, यावर लेखात एक ओळ नाही. आपल्या वाचकांच्या घरात मात्र नेमक्या अशाच वस्तू निघतात.

गेल्या वर्षी मिरजेच्या एका घरातून माझ्याकडे जुनी चित्रकार्डं आली, रवि वर्मा प्रेसची. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९७२ च्या आगीत त्याचं होत्याचं नव्हतं झालं. देवादिकांची, पुराणातल्या नायिकांची चित्रं त्याने घरोघरी पोचवली, भिंतीवरच्या तसबिरींतून आणि अशा कार्डांवरूनही. मी कार्ड आधी उलटं करते. मागची बाजू अख्खी पत्त्यासाठी ठेवलीय की मध्ये उभी रेघ आहे, त्यावरून काळाचा अंदाज येतो. रेघ नसेल तर कार्ड जुन्या चालीचं. मग कोपरे बघायचे, टाचणीचा गंज बघायचा, तिकीट उचकटलंय का ते बघायचं. या गठ्ठ्यातल्या एका सरस्वतीच्या कार्डावर तिच्या वीणेच्या कडेकडेने मोडीत चार ओळी लिहिलेल्या होत्या. पैसे पोचले, आईची तब्येत बरी, आंबे पाठवू नयेत, असा मजकूर. चित्र जमवणाऱ्याच्या लेखी हे कार्ड खराब झालेलं. मोडीची पत्रं जमवणाऱ्याच्या लेखी तेच सगळ्यांत मोलाचं. पण अशी माणसं महाराष्ट्रात किती, आणि त्यांतली किती जण नेमक्या त्या आठवड्यात मोबाइल उघडून बसलेली असणार?

परदेशातलं गिऱ्हाईक इथे धरताच येत नाही. शंभर वर्षांवरच्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंधन आहे. एखादी वस्तू त्यात बसते की नाही अशी शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. शे-दोनशे डॉलरसाठी हे कोण करणार? म्हणजे उरला देशातला बाजार, आणि तोही मूठभर माणसांचा. अशा कार्डाचा एक रुपयापासून आठवडाभराचा लिलाव लावणं म्हणजे ते कुणा दलालाच्या खिशात घालणं. तो चारशेला घेईल आणि पुढच्या प्रदर्शनात चार हजारांचं लेबल लावून ठेवील.

मी केलं ते असं. त्या कार्डाला ४,००० रुपये लिहिले. माझ्या मते जरा जास्तच होते. पुढे दर पंधरवड्याला किंमत थोडी थोडी उतरवत गेले आणि यादीत तसं स्पष्ट लिहिलं, की गिऱ्हाईक मिळेपर्यंत किंमत उतरेल, एका मर्यादेखाली जाणार नाही. मर्यादा किती, ते लिहिलं नाही. २,९०० ला पुण्याच्या एका गृहस्थांनी उचललं. आणखी एक पंधरवडा थांबले असते तर त्यांना स्वस्त पडलं असतं, हे त्यांनाही दिसत होतं. पण मधल्यामध्ये दुसऱ्याने नेलं तर, ही धाकधूक त्यांना थांबू देईना. धाकधुकीचे पैसे विकणाऱ्याला मिळाले तर माझी हरकत नाही.

यालाच उतरता लिलाव म्हणतात. हॉलंडमध्ये फुलं अशीच विकतात, तिथे भाव घड्याळाच्या काट्यासारखा झरझर उतरतो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. कार्डांच्या बाबतीत याची परीक्षाही झालेली आहे. डेव्हिड लकिंग-रायली या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने इंटरनेटच्या बाल्यावस्थेत ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाची कार्डं स्वतः विकली. तीच कार्डं वेगवेगळ्या पद्धतींच्या लिलावांत लावली आणि कुठे किती पैसे येतात ते तोलून पाहिलं. त्याचा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकं सांगतात की उतरता लिलाव आणि बंद पाकिटातली बोली यांतून सारखेच पैसे यायला हवेत. प्रत्यक्षात उतरत्या लिलावात सुमारे ३० टक्के जास्त आले. त्याचा भाव झरझर नव्हे, दिवसादिवसाने उतरत होता. आता ही तुलना बंद पाकिटाशी होती, ठरीव भावाशी नव्हती, तेव्हा माझ्या पंधरवड्यांच्या पद्धतीला त्यातून प्रमाणपत्र मिळतं असा दावा मी करत नाही. पण सावकाश उतरणाऱ्या भावात माणूस फार वेळ हात आखडून बसत नाही, एवढं त्या कार्डांवरून दिसतं. आणि आमच्या आजोबांच्या काळी रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे, शेजाऱ्याचा भाव शेजाऱ्याला कळायचा नाही. त्या बंद बोलीवर आप्पांचा भरवसा का नव्हता, तेही थोडं कळतं.

ठरीव भावाचे तोटे आहेतच. किंमत कमी लिहिली तर पाच मिनिटांत कार्ड जातं आणि मागाहून दहा जणांचे निरोप येतात, ‘आहे का?’ तेव्हा समजावं की गेलं. जास्त लिहिली तर वर्षभर तेच कार्ड यादीत बघून लोक ओळखायला लागतात आणि ते शिळं होतं. शिवाय ‘बोलणी होईल’ असं लिहिलं, की निम्मे लोक निम्म्याने मागतात. त्यावर रागावू नये. तुळशीबागेत आपणही तेच करतो.

नव्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन्ही पद्धतींत विकणाऱ्याचं नाव विकलं जातं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ईबेवर जुन्या पोस्टकार्डांचा नावाजलेला विक्रेता आणि त्याचीच नवी, कोरी खाती, अशा दोन्हींकडून सारखीच पोस्टकार्डं विकून पाहिली. जुन्या नावाला खरेदीदार ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते. म्हणून घरातलं सगळ्यांत भारी कार्ड पहिल्याच दिवशी लिलावात टाकू नये. आधी किरकोळ माल ठरीव भावाने विकावा, वेळेत पाठवावा, चार चांगले शेरे गोळा करावेत. तोवर भारी कार्ड काही कुजत नाही, फक्त उन्हापासून आणि झुरळांपासून जपा.

आपल्याकडे लिलाव होतात कुठे, हेही लेखात यायला हवं होतं. २००४ मध्ये ईबेने ‘बाझी’ विकत घेऊन इथे बस्तान मांडलं होतं. ते भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं. परदेशी ईबेवर इथून विकता येतं, पण देशातल्या देशात हौशी माणसांचे लिलाव आता बहुतेक फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या गटांत चालतात. रात्री नऊला फोटो पडतो, खाली बोल्या येतात, शेवटच्या बोलीनंतर दोन मिनिटं कुणी बोललं नाही की कार्ड त्याचं. गंमत असते, मीही त्यात असते. पण तिथे दोन दुखणी आहेत. एक, जिंकणारा सकाळी गायब होतो. मग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला विचारावं तर तो म्हणतो, पहिला खोटा होता तर माझी बोलीही त्याच्यामुळेच चढली, मी जुन्या आकड्यालाच घेणार. त्याचंही चूक नाही. दुसरं दुखणं घरचा बोलीदार. विकणाऱ्याचा मेव्हणा दुसऱ्या नंबरावरून भाव चढवत बसतो आणि कधी कधी कार्ड मेव्हण्याच्याच गळ्यात पडतं. अनेकांना हा चतुरपणा वाटतो. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचं कलम ६४ त्यांनी वाचावं. बोली लावायचा हक्क विकणाऱ्याने आधी जाहीर करून राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणं बेकायदा आहे. खोट्या बोलीने भाव चढवला असेल, तर खरेदीदाराला तो व्यवहार रद्द करता येतो. कायदा इंग्रजांच्या काळचा आहे, पण व्हॉट्सॲपवरच्या लिलावाला लागू नाही असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. ज्याला मनात ठरवलेल्या भावाखाली विकायचंच नाही, त्याने तोच भाव सुरुवातीची बोली म्हणून लिहावा. मेव्हण्याची गरज उरत नाही.

खर्चाचं थोडक्यात. ईबे विक्रीच्या रकमेवर, टपालासकट, साधारण १३ टक्क्यांच्या घरात कापून घेतं. मोठी लिलावगृहं खरेदीदाराकडून वेगळा अधिभार घेतात आणि बातमीत छापलेला आकडा बहुधा तो धरूनचा असतो, विकणाऱ्याच्या हाती तेवढे पडत नाहीत. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या परदेशी पार्सलांची करमाफी काढून घेतली. आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे थांबवावी लागली होती. ठरीव किमतीत असे खर्च आधी धरता येतात, आणि टपाल बंद पडलं तर यादी खाली उतरवता येते. चालू लिलावात बोली पडून गेल्यावर तुमचे हात बांधलेले असतात. घेणारा तिकडचा संभाव्य कर मनात धरून आधीच कमी बोली लावतो ते वेगळंच.

एवढं सगळं लिहूनही एका घराला मी गेल्या महिन्यात लिलावच लावायला सांगितला, आणि तोही ठरीव भावाने जास्त पैसे आले असते अशा मालाचा. इचलकरंजीचे तिघे भाऊ. वडिलांनी जमवलेली सिगारेटची क्रिकेट कार्डं, इंग्लंडच्या विल्स आणि प्लेअर्स कंपन्यांची, दोन वह्यांत चिकटवलेली. चिकटवल्यामुळे त्यांचा भाव आधीच अर्ध्यावर आलेला. वह्या धाकट्याकडे होत्या. थोरल्याला संशय की हा परस्पर विकील, मधला दोघांशी बोलत नाही. ठरीव भाव लावायचा तर तो ठरवायचा कुणी? धाकट्याने ठरवला तर थोरला जन्मभर म्हणणार की कमी सांगितला. मी ठरवला तर मी धाकट्याला सामील. वर्षभर हळूहळू भाव उतरवायचा, तर दर पंधरवड्याला तीन घरांत तीन भांडणं.

लिलावाला तारीख असते, बोल्या सगळ्यांना दिसतात, आणि संपला की संपला. असा माल जमवणारे इंग्लंडात पुष्कळ आहेत, तेव्हा दोन-चार बोलीदार मिळतील अशी खात्रीही होती. मात्र शंभर वर्षांपलीकडचे संच पाठवता येणार नाहीत म्हणून ते वेगळे काढायला लावले. उरलेल्यांत प्लेअर्सचे १९३४ आणि १९३८ चे संच आहेत, ते जाऊ शकतात. सुरुवातीची बोली तिघांनी मिळून ठरवली, एका कागदावर लिहिली आणि खाली सह्या केल्या. मधल्याने सही केली, पण भावांच्या आधी केली, म्हणजे त्यांच्या सहीखाली त्याची सही यायला नको. वह्या सध्या माझ्या कपाटात आहेत. लिलाव रविवारी लावणार आहोत, इंग्लंडच्या वेळेने रात्री आठला संपेल असा.

आपली,
एक जुनी वाचक, विश्रामबाग, सांगली
(घरात अशा वस्तू असतात हे गावभर व्हायला नको, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)